गोळ्यांची पंगत

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

ती. स्व. सिस्टर यांना मालूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल आणि एव्हाना तुमच्या पुतणीची अख्खी बिल्डिंग तुमच्या धाकात आली असेल. तुम्ही रिटायर होऊन डोंबिवलीला गेलात त्याला चार वर्षं होतील, पण नौपाड्यात शाळेसमोरून जाताना माझी मान अजून त्या जिन्याखालच्या खोलीकडे वळते. तिथे आता खेळाचं सामान ठेवतात. नवीन नर्स काही त्यांनी नेमली नाही.

आईचे गुडघे कुरकुरतात, पण बाजारातली जागा सोडत नाही. म्हणते, "मी उठले तर ती गंगुबाई टोपली सरकवल." मी मच्छीमार सोसायटीत बर्फाचं आणि डिझेलचं काम बघते. खलाशी तोंडावर मला मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी ऐकत नाही.

गोळ्या वेळेवर घेते. हे वाक्य आधी लिहिलं नाही तर तुम्ही पुढचं वाचणारच नाही. डॉक्टरांनी दुपारची गोळी बंद केली, आता फक्त सकाळ आणि रात्र. नववीनंतर एकदाही आकडी आलेली नाही.

आता मुद्द्याचं. मला स्थळ आलंय.

मुलाचं नाव नाथा. तुमच्या डोंबिवलीच्याच खाडीकडच्या गावातला. वडील नाहीत, आई आहे, जनीबाई. काका गोमाजी होडी चालवतात. नाथा होडीवर न जाता मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लागला. मी त्याला एका लग्नात पाहिलाय. बाकीचे सगळे हळदीत नाचत होते आणि हा जेवणावळीत वाढत होता. म्हाताऱ्यांना दुसऱ्यांदा विचारत होता, आग्रह करत होता, पण कोणी नको म्हटलं की थांबत होता. मला तो आवडला, सिस्टर. लिहून टाकलं एकदाचं.

पुढच्या रविवारी ते बघायला यायचेत. आईने मला बजावलंय, "गोल्यांचं नाव काढशील तर याद राख. आदी लगीन होऊ दे. एक पोर मांडीवर खेलू दे. मंग कोनाला सांगायचं त्याला सांग."

आईला दोष देत नाही. गेल्या वर्षीचं स्थळ असंच गेलं. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, त्यांनी "मुलीला वारं लागतं" असा निरोप धाडला, आणि आई आठवडाभर बाजारात गेली नाही. रडत नव्हती, नुसती जाळ्याची गाठ सोडवत बसायची. जिथे गाठ नव्हती तिथेही.

पण लपवायचं म्हणजे गोळ्या ठेवायच्या कुठे? तांदळाच्या डब्यात? आणि घ्यायच्या कधी? नव्या नवरीला सासरी एकटं कोण सोडतं? एक चुकेल, दोन चुकतील, आणि मग मी भर अंगणात पडेन. तेव्हा जनीबाई काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतं. सोसायटीचे वकील परवा सहज बोलता बोलता म्हणाले, आकडी लपवून लावलेलं लग्न कोर्टात मोडता येतं म्हणे. मी बर्फाची पावती फाडत होते, ती चुकीची फाडली.

लपवणं मला जमत नाही, याला जबाबदार तुम्ही. तुम्ही आम्हाला लपवायला शिकवलंच नाहीत. दुसऱ्या कोणी नर्स असत्या तर एकेकाला हळूच बोलावून कानाकोपऱ्यात गोळी दिली असती. तुम्ही मधल्या सुट्टीत चटया घालून चक्क पंगत मांडलीत! दम्याची रतन, हृदयाची झडप बिघडलेला सहदेव, मी, आणि वर्षावर्षाला बदलणारे चार-पाच. प्रत्येकाच्या वाटीत त्याची त्याची गोळी, बाजूला पाण्याचा पेला आणि गूळ-शेंगदाणे. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या वाटीत डोकावायचं नाही, आणि शेवटच्याचं होईपर्यंत उठायचं नाही. आठवतंय ना, तो सातवीतला धोंडीबा खोटं खोटं खोकत आला आणि म्हणाला, मलाही पंगतीला बसवा? तुम्ही त्याला नुसता गूळ दिलात आणि म्हणालात, "तुझ्या रोगावर हेच औषध." वर्गात मला कोणी कधी चिडवलं नाही. उलट मला रोज गूळ मिळतो म्हणून पोरी जळायच्या.

मंगळवारी मात्र तुम्ही फार चिडायचात. आम्ही एकमेकांना सांगायचो, आज सिस्टरच्या वाटेला जाऊ नका.

आणि तो सहावीतला बुधवार. कवायतीच्या मैदानावर मी पडले तो. मला काही आठवत नाही, पण रतनने इतक्या वेळा सांगितलंय की पाहिल्यासारखं वाटतं. कवायतीचे सर हातात स्वतःची चप्पल घेऊन धावले, शिपाई कॅन्टीनमधून कांदा घेऊन आला, आणि तुम्ही दोघांना म्हणालात, "चप्पल पायात घाला, कांदा भज्यात घाला आणि पोरीला वारा येऊ द्या." मग मला कुशीवर वळवून तुम्ही तिथेच मातीत बसलात, मी डोळे उघडेपर्यंत.

मी मंगळवारची गोळी गालात धरून नंतर क्रोटनच्या कुंडीत थुंकायचे, हे तुम्ही त्याच दिवशी ओळखलंत. "वाटी रिकामी होते, पण मंगळवारी तुझा पेला भरलेलाच राहतो," म्हणालात. मग मला सांगावंच लागलं. माझी आकडी जावी म्हणून आईने एकवीरेला नवस केला होता, की मालू दर मंगळवारी दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा पिणार नाही. आता गोळी पाण्याशिवाय कशी गिळायची, आणि गिळली तर निर्जळी कसली? आईला वाटायचं, एकीकडून देवी बरं करतेय आणि दुसरीकडून गोळी बाटवतेय. मला बरं करायच्या नवसानेच मला पाडलं.

तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी आमच्या घरी आलात. आईने मला बर्फ आणायला पिटाळलं. मी परत आले तेव्हा तुमचं बोलणं झालं होतं आणि आई म्हणाली, "तुजा उपास सुटला. देवीनं सोरला." मला वाटलं, सिस्टरने देवीलासुद्धा दम दिला असणार.

भलतंच लांबलं. सांगा, सिस्टर. रविवारी मी बोलू की गप्प बसू? तुम्ही म्हणाल तसं करेन.

पंगतीतली,
मालू


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, १० एप्रिल १९९४

ती. स्व. सिस्टर,
साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड वेळेत मिळालं होतं. "मी म्हणेन तसं करायला तू आता सहावीत नाहीस. तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी गोळी चुकवू नकोस." एवढंच. मला आधी रागच आला. माणूस चार पानं लिहितो आणि तुम्ही कार्डाची मागची बाजूसुद्धा भरत नाही!

उत्तराला उशीर झाला, माफ करा. उद्या पाडवा, घरात झाडलोट चाललीय. तुमची तब्येत कशी आहे? ती ॲसिडिटी? तुमची पुतणी मागे बाजारात भेटली तेव्हा आईला म्हणाली, आत्याला डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवू नका म्हणून सांगितलंय, पण ऐकेल तर शपथ. जेवण वेळेवर करता ना? रोज? मी रोज म्हटलंय, सिस्टर.

असो. आधी रविवारचं सांगते.

त्या सकाळी मी आईला म्हटलं, मी सांगणार आहे. तिने हातातली कोयती खाली ठेवली. आधी भांडली, मग रडली, आणि रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं. "आता तुला काय होतंय, मालू? नवस चालू हाय ना! तुज्या वाटचा मंगलवार ती बाय धरते ना! मंग कोनाला सांगायची काय गरज?"

मी विचारलं, कोण बाई?

सिस्टर, मला तेव्हा कळलं. मी बर्फ आणायला गेले होते तेव्हा तुम्ही आमच्या ओट्यावर बसून आईला काय म्हणालात ते दहा वर्षांनी कळलं. तुम्ही देवीला दम दिला नव्हतात, आईलाही नाही. तुम्ही म्हणालात, "शेवंताबाई, नवस मोडायचा नाही ना? मग मोडू नका. फेडणारं माणूस बदला. पोरीचा मंगळवार मला द्या, तिची गोळी तिला घेऊ द्या." आईने देवीपुढे तांदूळ टाकून कौल मागितला. उजवा आला. आणि सोमवारी-बुधवारी डब्यातला बोंबील कोणी मागितला तर वाटून द्यायला ज्यांच्या जिवावर यायचं, ज्यांना देवधर्माचं फारसं नव्हतं, अशा तुम्ही दर मंगळवारी दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाहीत. पंगतीत आम्हाला पेले भरून देत होतात आणि स्वतः कोरड्या घशाने "घ्या रे" म्हणत होतात. चिडाल नाही तर काय!

आणि मी शाळा सोडल्यावरही. तुम्ही रिटायर झाल्यावरही. आई म्हणाली, दर वर्षी यात्रेहून आल्यावर ती तुम्हाला प्रसाद द्यायला येते तेव्हा विचारते, आणि तुम्ही म्हणता, चालू आहे. मला कळू द्यायचं नाही अशी तुम्ही तिला शपथ घातली होतीत. ती तिने मोडली, तिच्यावर रागावू नका. ती मला अडवायला बोलली होती.

झालं उलटंच. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. रडायला येत होतं आणि इतकं बरंही वाटत होतं की काय सांगू. माझी लाज न वाटणारं एक माणूस जगात होतं. नुसतं होतं असं नाही, माझ्यासाठी उपाशी होतं. मग मी कोणाला घाबरत होते? माझ्या गोळीला मीच वाईट म्हणायचं म्हणजे तुमचे ते सगळे मंगळवार पाण्यात.

ते आले. जनीबाई, गोमाजीकाका, नाथा. मी चहा दिला आणि ट्रे खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. "मला लहानपणी आकडी यायची. नववीनंतर आली नाही. गोळ्या चालू आहेत, त्या बंद करता येणार नाहीत. बंद केल्या तर परत येऊ शकते."

गोमाजीकाका तडक उठले. "फसवायला बोलावलंत काय आमाला?"

मी म्हटलं, "काका, फसवायचं असतं तर तुम्ही आत्ता चहा पीत असता."

हे बोलायला नको होतं, मला कळतं. ते निघून गेले. जनीबाईंनी उंबरठ्यात एकदा मागे वळून पाहिलं. नाथाने कप उचलून चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि मग गेला.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. वाढायची, पण बोलेना. वाड्यात कुजबुज सुरू झाली. गंगुबाईने तर बाजारात सगळ्यांसमोर विचारलं, "तुजी मालू कशी हाय आता?" आईने काय करावं? तिने टोपलीतला सगळ्यात मोठा रावस उचलून फळीवर आपटला आणि म्हणाली, "माजी मालू चांगली हाय. गोली खाते. तू तंबाखू खातेस." घरी येऊन मला हे तिनेच सांगितलं, आणि तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

त्यानंतरच्या आठवड्यात नाथा सोसायटीत आला. सुट्टीचा दिवस होता त्याचा. डिझेलच्या रांगेत उभा राहिला, हातात कॅन नाही काही नाही. नंबर आल्यावर म्हणाला, "एक विचारायचं होतं. समजा तुला आकडी आली आणि मी एकटाच घरी असेन, तर मी नक्की काय करायचं?"

सिस्टर, रांगेतले खलाशी ऐकत होते. मी सांगितलं. कुशीवर वळवायचं. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं. तोंडात चमचा, बोट, काही घालायचं नाही. चप्पल नाही, कांदा नाही. घड्याळ बघत जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टर. त्याने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, कंपनीत आग विझवायचं शिकवतात तसं. एका ठिकाणी चुकला, मी दुरुस्त केलं. मग म्हणाला, "आय विचारते, पोरांना होईल का?" मी म्हटलं, हे मला नाही, डॉक्टरांना विचारू. तुझ्या आईलाच घेऊन ये.

त्या आल्या. नौपाड्यात आपल्या डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो, मी, आई, नाथा आणि जनीबाई. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांच्या मुलांना होत नाही, दिवस राहायच्या आधीच मात्र माझ्याकडे यायचं, गोळ्यांचं बघावं लागतं, मनाने काही थांबवायचं नाही. जनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघत असताना मला विचारलं, "रातची गोली कवा घेतेस?"

"जेवल्यावर."

"बरं. मी इचारीन. तुला राग येला तरी इचारीन."

मी भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले. गोमाजीकाका अजून फुगलेले आहेत, पण ते लग्नाला येतील, कारण जेवण आमच्याकडे आहे. लग्न वैशाखात, तारीख ठरली की आई आणि मी पत्रिका घेऊन येऊ. तुम्ही पाहुण्यांत बसायचं नाही. तुम्ही आईशेजारी, पाटावर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. मघापासून तुमच्या पोटाची चौकशी करतेय, तुम्हाला कळलंच असेल.

तुमचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. शाळेत आम्हाला आभाराचं पत्र लिहायला शिकवलं होतं, त्यात असलं काही नव्हतं. मी ज्या दिवसांत पोटभर जेवून पेपर लिहिले त्यांतही तुमचा एखादा मंगळवार होताच. मी आनंदात आहे, सिस्टर. खूप आनंदात आहे, आणि माझ्या आनंदात तुमची भूक आहे, हे आता मला कधीही विसरता येणार नाही. विसरायचंही नाही.

पण आता पुरे. आईने परवा पुन्हा कौल लावला. नवस फिटला, असं देवी म्हणाली. मला शंका आहे की या वेळी आईने तांदूळ जरा उजवीकडेच टाकले, पण मी विचारलं नाही. परवा मंगळवार आहे. आई आणि मी तुमच्याकडे येतोय; उद्या टपाल बंद, म्हणून हे पत्र नाथाच्या हाती धाडतेय. आई स्वतः निवडलेलं पापलेट आणि कोलंबी घेऊन येणार आहे. मी म्हटलं, अगं, देवीचा वार, म्हावरं कसं चालेल? तर म्हणाली, "आपली देवी कोल्यांची हाय. तिला म्हावऱ्याचा राग नाय."

तुमच्या स्वयंपाकघरात आई रांधणार आणि भर दुपारी, उन्हात, दिवस मावळायची वाट न बघता तुम्ही आमच्यासमोर बसून जेवणार. पहिला घास मी भरवणार. नाही म्हणू नका.

सकाळी अकरापर्यंत पोचतो. आम्ही येईपर्यंत काही खाऊ नका. एवढाच एक उपास धरा, शेवटचा.

तुमच्या भुकेवर वाढलेली,
मालू